हलती भिंत

आळंदीला ज्ञानदेवांनी चालवलेली भिंत दाखवतात. वाघावर बसून भेटीला निघालेल्या चांगदेवांना सामोरं जायचं, म्हणून चौघं भावंडं बसली होती ती भिंतच चालू लागली, अशी कथा. वर्गात छातीच्या भिंतीचा पाठ शिकवायला घेतला, की मला ही कथा हटकून आठवते. भिंतीचं काम एरवी अडवण्याचं. पण माणसाच्या अंगात एक भिंत अशी आहे, जी जन्मल्या क्षणापासून बाहेरच्या जगाला सामोरी जाते. मिनिटाला बारा-पंधरा वेळा, झोपेतसुद्धा.

तिची ओळख करून घ्यायला पुस्तक लागत नाही. गळ्याखालच्या खळगीत बोट ठेवावं आणि छातीच्या मधल्या हाडावरून हळूहळू खाली यावं. साधारण दोन इंचांवर एक आडवा उंचवटा लागतो. तिथे दुसरी बरगडी येऊन मिळते. पहिली हासळीच्या हाडाआड दडलेली असते, म्हणून डॉक्टर बरगड्या मोजायला इथून सुरुवात करतात. आणि नेमक्या याच पातळीवर, आत खोलवर, श्वासनलिकेच्या दोन वाटा होतात. बाहेर बोटाला लागणारी एक छोटीशी कड आतल्या एवढ्या मोठ्या वळणाचा पत्ता सांगते, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

बरगड्यांच्या बारा जोड्या. वरच्या सात आपापल्या कूर्चेनं थेट उरोस्थीला भिडतात, पुढच्या तीन वरच्या शेजारणीचा आधार घेतात आणि शेवटच्या दोन पुढे कुठेच न टेकता स्नायूंत थांबतात. प्रत्येक बरगडी मागे कण्यापाशी उंच आणि पुढे उतरती असते. या उतारातच सगळी युक्ती आहे. स्नायूंनी तिला वर उचललं, की छाती पुढे येते. आणि मधल्या-खालच्या बरगड्या, बादलीची कडी उचलावी तशा, बाजूंनाही फाकतात. हाडांचा पिंजरा म्हणतात खरा, पण आतल्याला कोंडून ठेवणं हे त्याचं निम्मंच काम. उरलेलं निम्मं जागा करून देण्याचं.

शांत श्वासाचा मोठा भार मात्र श्वासपटल उचलतं. छाती आणि पोट यांच्यामध्ये ताणलेला हा स्नायूचा घुमट आकसला की सपाट होत खाली उतरतो, वरची पोकळी वाढते आणि हवा आत येते. हवा आपण ओढून घेतो असं वाटतं. खरं तर आपण जागा करतो आणि ती येते. या श्वासपटलाची नस कुठून निघते हे विद्यार्थिदशेत पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ नुसती बसून राहिले होते. ती निघते मानेतून. गर्भात श्वासपटलाची सुरुवातच मानेजवळ होते. गर्भ वाढतो तसं ते खाली सरकतं आणि आपली नस सोबत घेऊन, हृदयाच्या कडेनं, थेट बरगड्यांच्या तळाशी उतरतं. म्हणून श्वासपटलाखाली पू झाला, तर रुग्ण खांदा दुखतो म्हणून सांगतो. म्हणूनच मानेच्या अगदी खालच्या भागात मज्जारज्जूला इजा होऊन हातापायांतलं बळ गेलं, तरी श्वास चालू राहू शकतो. जन्माआधीच्या त्या प्रवासाची खूण शरीर आयुष्यभर जपतं आणि वेळ आली तर तिच्याच जोरावर जगतं.

सुटी बरगडी हातात घेतली, की तिच्या आतल्या अंगाला, खालच्या कडेलगत बोटाला एक खाच लागते. तिच्यात शीर, धमनी आणि नस एकीखाली एक अशा लपून धावतात. छातीत पाणी झालेल्या रुग्णाला सुई घालायची ती बरगडीच्या वरच्या कडेनं, हा नियम याच खाचेमुळे. मुलांना हा नियम पाठ करायला सांगण्याआधी मी प्रत्येकाच्या हातात बरगडी देते आणि डोळे मिटून ती खाच शोधायला सांगते. ज्या देहातून ती आली, त्यानं मरणोत्तर देहदान केलेलं असतं. शिकवणारा खरा तो.

भिंतीच्या आतल्या बाजूला आणि फुप्फुसाच्या अंगावर एकेक पातळ पडदा असतो, आणि दोहोंच्या मध्ये काही मिलिलिटर द्रव. फुप्फुसाची ओढ सतत आत मिटण्याकडे, भिंतीची बाहेर उघडण्याकडे. श्वास सोडून झाल्यावर, पुढचा सुरू होण्याआधी, या दोन्ही ओढी एकमेकींना नेमक्या तोलून धरतात. मधल्या फटीत बाहेरची हवा शिरली, की फुप्फुस मिटतं आणि भिंत उसळून बाहेर येते. इतकी वर्षं दोघांनी एकमेकांना धरून ठेवलं होतं, हे तेव्हा कळतं.

पहिल्या वर्षाच्या मुलांना मी बोकडाची फुप्फुसं दाखवते. श्वासनलिकेसकट आणायची, नळी दोऱ्यानं घट्ट बांधायची आणि पायपंपानं हवा भरायची. सुरुवातीला काहीच होत नाही. ते गर्द लाल, लिबलिबीत मांस ट्रेमध्ये तसंच पडून राहतं. जोर वाढवावा लागतो. मग एका कडेला फिकट गुलाबी ठिपका उगवतो, त्याच्याशेजारी दुसरा, आणि रंग लहरीसारखा पसरत जातो. बघता बघता ट्रे भरून जातो. मागच्या बाकावरची मुलंही तोवर उठून पुढे आलेली असतात. फुगलेल्या फुप्फुसावर बोट दाबलं, की आत बारीक चुरचुर जाणवते. एक तुकडा कापून पाण्यात टाकला, तर तो तरंगतो. कधीच श्वास न घेतलेल्या फुप्फुसाचा तुकडा बुडतो. पहिल्या श्वासानंतर फुप्फुस हवेचं होतं आणि पुन्हा पूर्णपणे मांसाचं होत नाही.

श्वासनलिका दुभंगते, तिच्या फांद्या दुभंगतात, असं सुमारे तेवीस वेळा. उजवी मुख्य फांदी जास्त रुंद आणि जास्त सरळ, म्हणून खेळता खेळता मुलानं शेंगदाणा किंवा चिंचोका घशात ओढला, तर तो बहुधा उजवीकडे जाऊन अडकतो. डावं फुप्फुस हृदयाला जागा देण्यासाठी स्वतः थोडं आत सरतं. उजव्याला तीन खंड, त्याला दोनच. शेवटच्या फांद्यांना वायुकोश लागतात, तीस ते पन्नास कोटी, प्रत्येक मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा. ते सगळे उलगडून पसरले, तर सुमारे 70 चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट जागा व्यापतील. आपल्या साऱ्या त्वचेचं क्षेत्रफळ दोन चौरस मीटरही भरत नाही. जगाशी आपला सर्वांत मोठा संपर्क आपल्या बाह्यांगावर नाही, छातीच्या आत आहे.

आणि तिथेच आपण सर्वांत पातळ आहोत. वायुकोशातली हवा आणि रक्त यांच्यामध्ये अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचा पडदा. डोक्याचा केस त्याच्या शंभरपट तरी जाड. तांबडी पेशी तिथून जाते, तेव्हा तिला मिळते ती जेमतेम पाऊण सेकंद. निरोगी माणसात त्यातल्या पहिल्या तिसऱ्या हिश्शातच प्राणवायू भरून होतो. धावताना, चढ चढताना रक्ताची घाई वाढते, तेव्हा हा उरलेला वेळ उपयोगी पडतो. विश्रांतीतही मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त इथून जातं, अंगातलं जवळजवळ सगळं. हृदयाच्या उजव्या बाजूकडून डावीकडे जाणारं रक्त फुप्फुसांतून फिरून जातं, हे तेराव्या शतकात इब्न अल-नफीस यांनी लिहून ठेवलं होतं. विल्यम हार्वे यांनी 1628 मध्ये रक्ताभिसरण मांडलं, पण धमन्यांतून शिरांकडे रक्त नेमकं कसं ओलांडतं, हे त्यांना डोळ्यांनी पाहता आलं नाही. हार्वेंच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, 1661 मध्ये, मार्सेल्लो माल्पीगी यांना ते दिसलं, बेडकाच्या फुप्फुसात. वर्तुळ पुरं झालं ते एवढ्याशा जिवाच्या श्वासाच्या जागी.

एवढं पातळ, एवढं उघडं असण्याची किंमतही मोजावी लागते. डिसेक्शन हॉलमध्ये शहरात आयुष्य काढलेल्या माणसाची छाती उघडली, की फुप्फुसाच्या पृष्ठभागावर काळ्या रेषांची जाळी दिसते. वर्षानुवर्षांचा धूर आणि काजळी. चुलीपाशी जन्म गेलेल्या बायांचंही तेच. हवा दारातून पाहुणी म्हणून येते, तेव्हा आपण तिच्यात काय कालवून ठेवलं आहे, याचा जाब फुप्फुस कधी विचारत नाही. तो विचारायला हवा आपण.

वायुकोशाच्या आत ओलावा असतो, आणि ओल्या पृष्ठभागाचा स्वभाव आकसण्याचा. एवढे सूक्ष्म कोश दर श्वासाला मिटून चिकटायला हवेत. ते मिटत नाहीत, कारण त्यांच्या भिंतीतल्या काही पेशी सरफॅक्टंट नावाचा स्निग्ध थर पाझरतात आणि पाण्याचा ताण सैल करतात. पोटातल्या बाळात हा थर पुरेसा तयार होतो तो चौतीस-पस्तीस आठवड्यांच्या सुमारास. त्याआधी जन्मलेलं बाळ प्रत्येक श्वास पहिल्याच श्वासाच्या कष्टानं घेतं. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात, कण्हण्याचा आवाज येतो. अशा बाळांच्या फुप्फुसात नेमकं काय कमी आहे, हे मेरी एलन एव्हरी आणि जेर मीड यांनी 1959 मध्ये दाखवलं. तरी 1963 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा पॅट्रिक दोन दिवसही पुरते जगला नाही. 1980 मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेलं सरफॅक्टंट अशा दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडलं, आणि मिटत चाललेली फुप्फुसं उघडली. गाईचं ऋण आपण दुधापुरतं मानतो. ते श्वासापर्यंत पोहोचलं आहे.

आता या भिंतीच्या बाहेरच्या अंगाकडे वळते. दुसऱ्या ते सहाव्या बरगडीच्या दरम्यान, छातीच्या मोठ्या स्नायूवर, स्तन असतो. सहाव्या आठवड्यातल्या गर्भात काखेपासून जांघेपर्यंत दोन्ही बाजूंना एकेक उंचवट्याची रेघ उमटते, मुलगा असो वा मुलगी. पुढे ती विरते आणि छातीवरची जोडी तेवढी उरते. आईची संप्रेरकं बाळाच्या रक्तात आलेली असल्यानं नवजात बाळाची छाती कधीकधी सुजते आणि दुधाचे दोन थेंबही येतात. अंघोळ घालणाऱ्या बाया ती पिळून काढतात. ते अजिबात करू नये. पिकून पू होतो. ती आपली आपण काही आठवड्यांत बसते.

कुळ पाहिलं तर ही ग्रंथी घामाच्या ग्रंथींची नातलग. पंधरा-वीस खंड, प्रत्येकाची दुग्धनलिका स्तनाग्रापर्यंत आलेली. शरीरातले बाकीचे बहुतेक अवयव जन्माला येताना बऱ्यापैकी पुरे झालेले असतात; हा खऱ्या अर्थानं पुरा होतो तो गर्भारपणात, म्हणजे दुसऱ्या कुणाची गरज उभी राहिल्यावर. बाळ ओढू लागलं, किंवा नुसतं रडताना ऐकू आलं, तरी पान्हा फुटतो. जन्मल्याबरोबर आईच्या उघड्या पोटावर ठेवलेलं बाळ वासाच्या मागानं स्वतःच सरपटत छातीपर्यंत पोहोचतं. हे पाहताना पहिल्यांदाच प्रसूतिकक्षात आलेले विद्यार्थी बोलायचे थांबतात.

मला सर्वांत नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आई ज्या हवेत श्वास घेते, त्या हवेतले जंतू तिच्या श्वसनमार्गात पोहोचतात. तिथे त्यांची ओळख पटलेल्या संरक्षक पेशी रक्तातून फिरत स्तनात येऊन वस्ती करतात आणि त्याच जंतूंवरची प्रतिपिंडं दुधात सोडतात. आतड्यातल्या जंतूंचंही तसंच. घरातल्या हवेत काय आहे, हे आईचं फुप्फुस आधी शिकतं आणि तिचं दूध ते बाळाला शिकवतं. त्या वेळी बाळाचे बहुतेक वायुकोश अजून तयार व्हायचेच असतात. ते जन्मानंतर, पहिल्या दोन-तीन वर्षांत झपाट्यानं घडतात, आणि पहिले सहा महिने घडतात ते याच दुधावर.

ज्या बाळाच्या आईला दूध येत नाही किंवा आई स्वतःच अत्यवस्थ आहे, त्याच्यासाठी सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये मानवी दूधपेढी सुरू केली, आशियातली पहिली. ज्यांचं बाळाला पुरून उरतं अशा बाळंतिणी दूध देतात. ते साडेबासष्ट अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवून गोठवून ठेवतात. कुणाचं दूध कुणाच्या बाळाला गेलं, हे सहसा कुणी विचारत नाही.

वेळेआधी आलेल्या बाळांसाठी 1970 च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियात, बोगोटाच्या एका रुग्णालयात एदगार रे यांनी आणखी साधा मार्ग काढला. बाळ उघड्या अंगानं आईच्या उघड्या छातीवर उभं बांधायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांत एक ते 1.8 किलोच्या सुमारे 3,200 बाळांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2021 मध्ये आले. बाळाची प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मल्यापासूनच असं ठेवलं, तर पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू चतुर्थांशानं कमी होतात. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यातलं एक केंद्र होतं.

वडील, आजी, मावशी यांनाही आता पाळीपाळीनं बसवतात. बाळाचं डोकं एका कुशीवर वळवलेलं, हनुवटी किंचित वर, म्हणजे श्वासाची वाट दबत नाही. हातपाय दुमडून छातीला बिलगलेले. वरून कापडाची घडी. पहिल्या दिवशी वडील अंग चोरून, श्वास रोखून बसतात, तेव्हा सिस्टर जवळ येऊन सांगते, ‘असे ताठ नका बसू दादा. नेहमीसारखा श्वास घ्या, बोला त्याच्याशी, थोडं फिरलात तरी चालेल.’