गृहीतक

वयाच्या अडतिसाव्या वर्षी माणसानं काय शिकावं, याबद्दल शास्त्रात काही सांगितलेलं नाही. कुणी बासरी शिकतं, कुणी ब्रिज शिकतं, कुणी उशिरा का होईना बायकोपुढे गप्प बसायला शिकतं. मी संशोधन पद्धती शिकलो.

ही गोष्ट १९८२ सालची. एका दैनिकात मी उपसंपादक होतो. बारा वर्षं इमानेइतबारे इतरांच्या बातम्यांची शेपटं कापत होतो. एके दिवशी वरची एक जागा रिकामी झाली आणि ‘पत्रकारितेची पदवी असल्यास प्राधान्य’ असा कागद फळ्यावर लागला. झालं! घरी आलो आणि संध्याकाळच्या वर्गाला नाव घातल्याचं जाहीर केलं. बायको म्हणाली, “अहो, बारा वर्षं करताय ते काय मग?” या प्रश्नाचं उत्तर आजतागायत मला देता आलेलं नाही.

वर्गातली बाकीची मंडळी वीस-बावीस वर्षांची. पहिल्या दिवशी मी दारात पाऊल टाकलं, तेव्हा सगळी पोरं ताडकन उठून उभी राहिली. मलाच सर समजली. तेवढा एक क्षण सोडला, तर त्या अभ्यासक्रमात मला मान असा मिळाला नाही.

वृत्तलेखन, वृत्तपत्राचा इतिहास, कायदा वगैरे विषयांचं मला भय नव्हतं. घात केला तो ‘संज्ञापन संशोधन पद्धती’ या पेपरनं. त्यातला ‘यादृच्छिक नमुना’ हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा मला वाटलं, यदृच्छ नावाचे कुणी ऋषी असावेत. ‘गृहीतक’ म्हणजे काय ते मी बायकोला समजावून सांगितलं, “आधी एखादी गोष्ट मनाशी धरायची आणि मग ती खरी की खोटी ते तपासायचं.” ती म्हणाली, “धरण्यापर्यंतचं तुम्हांला जमतंच. पुढचं तेवढं शिकून घ्या.”

आमचे सर माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, पण शिकवायचे मन लावून. पहिल्याच तासाला त्यांनी ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकन साप्ताहिकाची गोष्ट सांगितली. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत या पठ्ठ्यांनी एक कोटी लोकांना मतपत्रिका धाडल्या. तेवीस-चोवीस लाख परत आल्या. त्या मोजून त्यांनी लँडन निवडून येणार असं छातीठोकपणे छापलं. प्रत्यक्षात रूझवेल्टनं अठ्ठेचाळीसपैकी शेहेचाळीस राज्यं जिंकली! कारण काय, तर नावं बरीचशी टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून काढलेली. मंदीच्या दिवसांत ज्यांच्या घरी ना टेलिफोन ना मोटार, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यात उत्तरं पाठवली तीही ज्यांना हौस होती त्यांनीच. गॅलपनं मात्र पुष्कळ कमी, पण निवडून घेतलेली माणसं विचारली आणि रूझवेल्ट येणार हे बरोबर सांगितलं. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडलं. सर म्हणाले, “किती जणांना विचारलं याला फारसं महत्त्व नाही. कुणाला विचारायचं राहिलं, ते बघा.”

मी ते वहीत लाल शाईनं लिहून घेतलं. लिहून घेतलं की आपल्याला समजलं, असं माझं एक जुनं गृहीतक आहे.

दुसरं उदाहरण आमच्याच पुण्याचं. १९५६ साली पुणे आकाशवाणीनं पाच जिल्ह्यांतल्या दीडशेएक गावांत शेतकऱ्यांची मंडळं केली होती. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, सगळ्यांनी एकत्र बसून रेडिओ ऐकायचा आणि नंतर त्यावर बोलायचं. पॉल न्यूराथ नावाच्या समाजशास्त्रज्ञानं ते तपासलं. आधी लोकांना काय ठाऊक होतं आणि नंतर काय ठाऊक झालं, हे विचारून घेतलं. जिथं मंडळं नव्हती, त्या गावांतही विचारलं. जिथं माणसं ऐकून एकमेकांशी बोलली, तिथं माहितीत जास्त भर पडलेली आढळली. मला आपलं वाटत होतं, पुण्याचे लोक बोलतात ते नुसते बोलतातच!

प्रबंधिकेसाठी मी विषय घेतला, ‘एका वाड्यातील वृत्तपत्रवाचन’. वाडा अर्थातच आमचा, बिऱ्हाडं बावीस. सर म्हणाले, “अख्खा वाडा घेताय? मग नमुन्याचा प्रश्नच मिटला. फक्त कुणी सुटता कामा नये.”

प्रश्नावली घेऊन मी वाड्यात हिंडू लागलो. मासिक उत्पन्नाचा रकाना बघताच पहिल्या तीन बिऱ्हाडांना अचानक कामं आठवली. मी इन्कमटॅक्सला सामील झालोय, अशी आवई उठली. ती निस्तरायला दोन दिवस गेले. मग निवृत्त पोस्टमास्तरांकडे गेलो.

“अग्रलेख वाचता?”

“रोज! न चुकता!”

“आजचा कशावर होता?”

“सरकारवर.”

आता हे उत्तर कुठल्याही दिवशी, कुठल्याही साली बरोबरच येणार! मुकाट्यानं बरोबरची खूण केली. वरच्या मजल्यावरचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक म्हणाले, “राशिभविष्य? छे! मी वाचत नाही. किती चुकलं ते फक्त रात्री पडताळून बघतो.” अशी एकवीस बिऱ्हाडं झाली. बाविसावं माझं स्वतःचं. ते मी रात्री जेवण झाल्यावर पाच मिनिटांत भरून टाकलं. माणसं पाच. पेपर वाचणारी दोन, मी आणि बायको. मुलं लहान. आईपुढे लिहिलं, ‘शिक्षण : मराठी चौथी. वाचन : पोथी. वृत्तपत्र : नाही.’ आई तेव्हा माझ्यापासून दोन हातांवर तांदूळ निवडत बसली होती.

सरांनी कागद चाळले आणि बाविसाव्यावर बोट ठेवलं. “इथं माणसं पाच आणि वेळ पाच मिनिटं?”

“सर, आमचंच घर आहे. सगळं ठाऊक आहे.”

“विचारलंत का?”

मी गप्प.

“मग परत जा.”

घरी येऊन, चेहरा शक्य तितका परका करून मी आईपुढे बसलो. “आई, तू पेपर वाचतेस?”

“वाचते की.”

“कधी?”

“वाण्याकडचं सामान आलं, की.”

मग उलगडा झाला. सकाळी पेपर माझ्याकडे, मग सुनेकडे, दुपारी मुलं त्यातली चित्रं कापणार, उरलेला थेट रद्दीत. आई वाचायची ते पुड्यांचे कागद. डबे भरून झाले, की कागद मांडीवर सपाट करून दोन्ही बाजू वाचून काढायची.

“मागितला का नाहीस कधी?”

“तुम्ही तरी कधी विचारलंत?” ती अगदी सहज म्हणाली. “बरं, ते हौदांबद्दल लिहीत होतास ना, त्याचं पुढे काय झालं? पहिला तुकडा धण्यात आला, दुसरा शेंगदाण्यांत, तिसरा मोहरीत. चौथा काही आला नाही. वाण्याला सांगूनसुद्धा ठेवलं होतं.”

वाचकहो, मी गार पडलो! पुण्याच्या जुन्या हौदांवर माझी चार भागांची लेखमाला होती. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून शहरात पाणी खेळवलं, तिथपासूनची. चौथ्या भागाच्या दिवशी साबणाची मोठी जाहिरात आली आणि भाग राहिला तो राहिलाच. संपादकांच्या ध्यानात आलं नाही. एकाही वाचकाचं पत्र आलं नाही. चौथा भाग आला नाही, हे उभ्या महाराष्ट्रात एकाच व्यक्तीला कळलं होतं आणि तिच्यापुढे मी ‘नाही’ लिहून मोकळा झालो होतो.

“आणि तिसऱ्यात चुकलायस तू,” आई म्हणाली. “नळ आले आणि आपल्या पेठेतला हौद ओस पडला, असं लिहिलंस. अरे, पानशेत फुटलं तेव्हा नळ कोरडे नव्हते का पडले? पुराला चार दिवस होत नाहीत तो अख्खी पेठ त्याच हौदावर! तू सतरा वर्षांचा होतास. घागरी तूच तर उचलत होतास.”

खरंच की! १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. खांद्याला पडलेले वळसुद्धा आठवले. ग्रंथालयात तीन आठवडे धूळ खाऊन मी जो हौद लिहिला, त्याचं पाणी मी स्वतः वाहिलं होतं आणि मलाही मी विचारलं नव्हतं.

त्या रात्री आईची मुलाखत दीड तास चालली. सरांनी ती शेवटच्या प्रकरणात घेऊ दिली, मात्र ‘एका उदाहरणावरून निष्कर्ष काढता येत नाही’ असं समासात लिहून. मला दुसरा वर्ग मिळाला. वरची जागा पदवी नसलेल्या एका सद्गृहस्थांना मिळाली.

चौथा भाग मी नव्यानं लिहिला आणि संपादकांच्या मागे लागून छापून आणला. त्या दिवशी सकाळी पेपर आला, तो तसाच घडी न मोडता आईच्या हातात दिला. तिनं चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचला. मी निकालाची वाट बघत उभा.

“बरा झालाय,” ती म्हणाली. मग एका ओळीवर बोट ठेवून तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“पण ‘पेठेतील एका वृद्ध रहिवाशाच्या सांगण्यानुसार’ म्हणजे? वृद्ध कोण रे?”