लाकूड शेवटी निवडा

पुण्याजवळच्या कासारसाई धरणाच्या बाजूला आता रिसॉर्ट, कॅफे, लग्नाचे हॉल यांच्या पाट्या वाढत चालल्या आहेत. हिंजवडीची आयटीतली मंडळी शनिवार-रविवारी इकडे वळतात. त्यांना चुलीवरचं जेवण हवं असतं, पाण्याकाठी बसायला हवं असतं, आणि फोटोत उठून दिसेल अशी लाकडी जमीनही हवी असते. हॉटेल काढणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "सगळ्यात टणक लाकूड कुठलं?" लाकडी फ्लोअरिंग हा माझा धंदा, तरी माझं उत्तर असतं, "लाकूड शेवटी ठरवू. आधी दार दाखवा, नळ दाखवा आणि फरशी कोण पुसणार ते सांगा."

टणकपणाचं एक माप आहे, जान्का नावाचं. पोलादी गोळी निम्मी आत रुतेपर्यंत लाकडावर दाबायची आणि त्याला किती जोर लागला ते मोजायचं. अमेरिकन रेड ओकचा आकडा 1,290 पौंड, हार्ड मेपलचा 1,450; आपला साग हजाराच्या थोडा वर. कॅटलॉग चाळणाऱ्याला वाटतं, साग हरला. पण टणकपणावरून कळतं ते एवढंच, की टोकदार टाचेने किंवा पडलेल्या पातेल्याने किती खोल पोचा पडेल. गर्दीच्या जागी मी पाहिलेल्या जमिनी बहुतेक पोच्यांनी गेलेल्या नाहीत. त्या पाण्याने आणि कचीने गेल्या.

पाण्याचा हिशोब आधी करू. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. हवेची आर्द्रता 30 टक्क्यांवर स्थिर राहिली तर लाकडात सुमारे 6 टक्के ओलावा राहतो; 80 टक्क्यांवर राहिली तर सुमारे 16. मुळशीच्या या पट्ट्यात एप्रिलची दुपार रखरखीत असते आणि जुलैत भिंतीसुद्धा दमट लागतात, म्हणजे ही दोन्ही टोकं एकाच वर्षात भेटतात. बंद दालनात फरक थोडा कमी पडतो. तो 7 ते 14 टक्के धरू.

फळी लांबीत जवळजवळ हलत नाही, हलते ती रुंदीत. सरळ चिरलेली 120 मिलिमीटर रुंदीची सागाची फळी एवढ्या फरकात साधारण दीड मिलिमीटर फुगते, तेवढीच रेड ओकची फळी तीन मिलिमीटर. दीड मिलिमीटर किरकोळ वाटतं, पण सव्वासात मीटर रुंदीच्या हॉलमध्ये अशा साठ फळ्या बसतात. साठ फळ्यांचं मिळून नऊ सेंटिमीटर होतं. भिंतीलगत फट सोडलेली नसेल तर ही वाढ वर उसळते आणि जमिनीला उंटाची पाठ येते. जान्कात हरलेला साग इथे ओकच्या निम्म्यानेच हलतो.

साग म्हटलं तरी सगळा साग एक नव्हे. बाजारात ज्याला सीपी टीक म्हणतात तो चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतला. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 साली बल्लारशाहून गेलेलं लाकूड याच भागातलं. बाहेरून येणारा लागवडीचा साग बरेचदा कोवळा असतो आणि त्यात कडेचं फिकट लाकूड जास्त. साग टिकतो तो गाभ्यातल्या तेलामुळे. फिकट भाग वाळवीला साध्या लाकडाइतकाच गोड. कासारसाईत बांध-शेतं हॉटेलच्या कुंपणाला टेकलेली असतात, त्यामुळे पाया भरतानाच वाळवीची फवारणी करून घ्यावी आणि फळी उलटून मागच्या बाजूला फिकट भाग नाही ना, हेही बघावं.

"पण जुन्या वाड्यांत लाकूड टिकलंच की!" असं हमखास ऐकवलं जातं. टिकलं, कारण वाडा बांधणाऱ्यांनी ते मातीला टेकू दिलं नाही. खांब उभा दगडी तळखड्यावर, तळमजल्याला दगड किंवा सारवलेली जमीन आणि लाकडी तक्तपोशी वरच्या मजल्याला. आजचं दालन मात्र तळमजल्यावर, थेट काँक्रीटवर असतं. काँक्रीट वाळायला ढोबळमानाने इंचाला एक महिना लागतो, पावसाळ्यात त्याहून जास्त. म्हणून दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी खाली दव दिसलं किंवा काँक्रीट काळवंडलं तर कामाला हात लावू नये. प्लास्टिक कोरडं निघालं तरी मीटर लावून खात्री करावी.

आता कच. दख्खनच्या बेसॉल्टमधलं फेल्डस्पार, खनिजांचा टणकपणा सांगणाऱ्या मोहसच्या मापावर, सहाच्या आसपास भरतं. मुरमाचं पार्किंग आणि खडीचा रस्ता तेच बुटाखाली देतात. गळीत हंगामात संत तुकाराम साखर कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले की धुळीत भर पडते. पॉलिशचा थर या कणांपुढे मऊच, त्यामुळे प्रत्येक पाऊल हलका पॉलिशपेपर मारून जातं. चांगल्या बॅडमिंटन हॉलमध्ये बाहेरचे बूट चालत नाहीत, म्हणून तिथली लाकडी कोर्टं टिकतात. हॉटेलात पाहुण्याला अनवाणी करता येत नाही. मग आपल्याकडच्या घरांची ओसरी आठवावी: दाराबाहेर खडबडीत दगड, मग जाळीचं पायपुसणं, मग आत जाड कापडी पट्टा, सगळं मिळून आठ-दहा पावलं. एवढ्या पावलांत बहुतेक कच बुटातून सुटते.

तिसरा प्रश्न पुसण्याचा. बादलीभर फिनाइलचं पाणी ओतून फरशी लखलखीत करणं ही आपल्याकडे स्वच्छतेची खूण, आणि हॉटेलातली पोरं दर हंगामाला बदलतात. शिकवलेलं टिकेल असं धरून जमीन निवडू नये. स्वयंपाकघर, हात धुण्याची जागा, वाढपाचा मार्ग इथे शहाबादी किंवा कोटा बरा. लाकडाचाच भास हवा असेल तर एसपीसी, म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लास्टिक यांच्या पट्ट्या, त्यांना पाण्याची भीती नाही. लॅमिनेट घ्यायचं तर वापराचा वर्ग 33, म्हणजे एसी 5, याहून खाली उतरू नये. त्याचा पृष्ठभाग दणकट असतो, पण गाभा दाबलेल्या भुशाचा, त्यामुळे सांध्यातून पाणी शिरलं की कडा फुगतात आणि त्या घासून सपाट करता येत नाहीत.

बसण्याच्या दालनासाठी मी इंजिनियर्ड फळी सुचवतो: खाली आडव्या-उभ्या थरांचा प्लाय, वर अस्सल सागाचा थर. आडवे थर वरच्याला हलू देत नाहीत. प्लाय आयएस 710, म्हणजे मरीन दर्जाचा मागावा आणि वरचा थर मोजून घ्यावा. एका घासणीत अर्धा ते पाऊण मिलिमीटर लाकूड जातं, म्हणून चार मिलिमीटरची जमीन तीनदा नवी होते. अर्धा मिलिमीटरवाली एकदाही नाही, मग पहिल्या दिवशी ती कितीही देखणी दिसो. गर्दीच्या जागेत पॉलियुरेथेनच्या (पीयू) चकचकीत थरापेक्षा मला तेल-मेणाचा हात आवडतो. पीयूवर ओरखडे साचले की अख्खं दालन बंद ठेवून घासावं लागतं. तेलाच्या थरावरचा डाग मात्र सोमवारी सकाळी, गिऱ्हाईक नसताना, तेवढ्यापुरता दुरुस्त होतो.

बाहेरच्या डेकचा विचार वेगळा. मुंबईच्या गोदीत 1817 साली सागात बांधलेली ट्रिंकोमाली ही युद्धनौका, मोठ्या डागडुजीनंतर, इंग्लंडमधल्या हार्टलपूलला अजून तरंगते आहे. तिचा दाखला देणारे हे विसरतात की जहाजाच्या डेकमागे रोज राबणारे खलाशी असत. आपल्याकडे डेक जून ते सप्टेंबर भिजतो आणि मार्चपासून भाजतो. तिथे फळ्यांत फट, खाली मोकळी हवा आणि पाण्याला उतार द्यावा, आणि साग राखाडी पडणार हे आधीच मान्य करावं.

राहिला मुहूर्त. एप्रिलमध्ये, लाकूड सर्वांत कोरडं असताना बसवलेली जमीन जुलैत उसळते. जुलैत बसवलेली एप्रिलमध्ये फटी दाखवते. ओलावा मधोमध असतो तो दिवाळीनंतर. फळ्या आठ-दहा दिवस त्याच दालनात ठेवून हवेशी जुळू द्याव्यात आणि इंजिनियर्ड फळीला स्कर्टिंगच्या आड 10 ते 12 मिलिमीटर फट सोडावी.

एवढं ठरलं की लाकडाच्या नावावर वाद घालायला फारसं काही उरत नाही. कासारसाईसाठी माझी निवड: सागाचा चार मिलिमीटर थर, 120 मिलिमीटरपेक्षा रुंद नसलेली फळी, तेलाचा हात. पैसे कमी पडत असतील तर लाकडाचे चौरस फूट कमी करावेत आणि उरलेल्या जागी दगड घालावा. दारातल्या पायपुसण्यावर मात्र काटकसर करू नये.