टेस्ट लॅम्प

इंडिकेटरचा १२ व्होल्टचा, २१ वॅटचा बल्ब, पितळी होल्डर आणि त्यातून निघालेल्या दोन हातभर वायरी. एकीला चिमटा, दुसरीला सायकलच्या चाकाची तार घासून केलेलं टोक. वडिलांचा हा टेस्ट लॅम्प त्यांच्या पिकअपबरोबरच माझ्याकडे आला. जीपच्या चेसिसवरची ही जुनी गाडी मालवणच्या बंदरावरून बर्फातली मासळी वाहायची.

मासळीचं खारं पाणी फळ्यांमधून झिरपून थेट मागच्या दिव्यांवर. त्यामुळे गाडीच्या मागच्या बाजूला कायम भुताटकी असे. ब्रेक दाबला की ब्रेकचा दिवा राहिला बाजूला, पार्किंगचे दिवे मिणमिणायचे. माझं काम ब्रेकवर पाय दाबून बसायचं. मागून वडिलांचे हुकूम यायचे. बल्ब एकच, तारा दोन, परतीची वाट मात्र एकच: दिव्याच्या पत्र्यातून चेसिसला. ती गंजली की ब्रेकचा करंट दुसऱ्या तारेतून उलटा शिरतो आणि पार्किंगच्या लाइनीने भलत्याच दिव्यातून घरी जातो. बाकीचे लोक नवे बल्ब घालत बसायचे. वडील अर्थचा स्क्रू काढून, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासून, वर ग्रीस थापून मोकळे व्हायचे.

पुढे पुण्याला पॉलिटेक्निकला गेलो आणि सुट्टीत डिजिटल मीटर घेऊन आलो. हॉर्न मुका होता. वायरीच्या टोकाला मीटर लावला, आकडा १२.६. म्हणजे हॉर्नच गेला, असं मी जाहीर केलं. वडिलांनी त्याच टोकाला लॅम्प लावला. बल्बची तार जेमतेम लालसर झाली. "मीटर कायय सांगात रे. उजेड पडलो तर करंट, नायतर नाय."

यामागचं गणित मला कॉलेजातच शिकवलं होतं, पटलं ते तिथे बोनेटवर. मीटर नावापुरता करंट घेतो, अँपियरचा दहा लाखावा भाग. सांध्यात हिरवा गंज चढला असला तरी एवढा सहज झिरपतो आणि व्होल्टेज पुरं दिसतं. लॅम्प पावणेदोन अँपियर मागतो, हॉर्न त्याहून जास्त. मग गंज आडवा येतो. मीटर वाईट नाही, फक्त त्याला ओझ्याखाली विचारावं लागतं. दिवा चालू ठेवून मी आता बॅटरीच्या मायनसपासून दिव्याच्या पत्र्यापर्यंत मीटर धरतो. अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं की अर्थिंग खाल्लं गेलंय. लॅम्प रोग आहे म्हणून सांगतो, मीटर तो किती आहे ते.

लॅम्पचा सगळ्यात देखणा उपयोग शॉर्ट शोधताना होतो. फ्यूज घातला की उडतो, पुन्हा घातला की पुन्हा उडतो. लोक मग फ्यूजला चांदीचा कागद गुंडाळतात आणि वायरिंग जाळून घेतात. त्याऐवजी फ्यूजच्या जागी लॅम्प जोडायचा, बाकी सगळे स्विच बंद. शॉर्ट असेपर्यंत तो भगभगीत जळतो, पण त्याच्यामुळे करंटला लगाम असतो. मग डॅशबोर्डापासून वायरींचा जुडगा हलवत जायचं. जिथे हात लागल्यावर लॅम्प विझतो, तिथे वायर पत्र्याला घासलेली सापडते. रात्रीत बॅटरी उतरत असेल तर तोच लॅम्प बॅटरीचा मायनस आणि त्याची वायर यांच्या मधे घालावा. आमच्या गाडीत दोषी निघाला डायनामो आणि बॅटरी यांच्यामधला कटआउट. पॉइंट चिकटले होते आणि उभ्या गाडीत बॅटरी डायनामोला पाजत होती.

भाच्याच्या नव्या गाडीला मात्र मी हा लॅम्प लावू देत नाही. तिथे कॉम्प्युटरच्या एखाद्या बारीक लाइनीतून पावणेदोन अँपियर ओढले तर आतलं सर्किटच जळायचं. एअरबॅगच्या वायरीला तर हातही लावू नये.

आता पिकअप मासळी वाहत नाही, रविवारी तारकर्लीपर्यंत जाते. भेटेल तो नवं वायरिंग किट घालायचा सल्ला देतो. इंग्रजी वळणाच्या जुन्या गाड्यांत तपकिरी म्हणजे थेट बॅटरी, हिरवी म्हणजे इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, काळी म्हणजे अर्थ, असा हिशेब असे. आमच्या गाडीत प्रत्येक वायरमनने हाताला लागेल त्या रंगाची जोडलीय, तेव्हा रंगावरून काही कळत नाही. तरी मी किट घातलेलं नाही. कापडी आवरण तडकलं होतं तेवढ्या वायरी बदलल्या आणि हेडलाइटला रिले बसवला, कारण दोन दिव्यांचे नऊ-एक अँपियर त्या म्हाताऱ्या स्विचमधून न्यायचे म्हणजे आगीला आमंत्रण. जुन्या गाड्यांच्या सोवळ्यातल्या मंडळींना रिले खपत नाही. त्यांच्यासाठी तो डॅशच्या मागे लपवलाय. वायपर अजून रेंगाळतो. संशय त्याच्या स्विचवर आहे, पावसाआधी तो खोलायचाय.