गुळगुळीत बेसलाइन

वीसेक वर्षांपूर्वी तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीची गुणवत्ता तपासणी (क्यूसी) माझ्याकडे होती. एक अशुद्धी मोजायची एचपीएलसी पद्धत बसवायची होती, मर्यादा ०.१० टक्का. क्रोमॅटोग्रामच्या आलेखावर तिचं शिखर, म्हणजे पीक, दिसायचं, पण नॉइजच्या जेमतेम सहापट. दहापट हवं होतं. ऑडिट तोंडावर. मी सॉफ्टवेअरमध्ये स्मूदिंग वाढवलं. बेसलाइन इस्त्री केल्यासारखी झाली, गुणोत्तर चौदावर गेलं. सहा इंजेक्शनं द्यायची, तिथे तीन लागोपाठ दिली. आकडे जुळले.

हाताखालची एक मुलगी म्हणाली, "सर, बारीक थरथर गेली, पण मोठी लाट तशीच आहे. एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद होतो, त्या तालावर हलतेय."

"एसी बघायला मेंटेनन्सवाले आहेत. तू पीक बघ."

मेमध्ये तोच नमुना सकाळी ०.०८ आला, दुपारी ०.१२. बॅच अडकली आणि पद्धत पहिल्यापासून तपासण्यात दहा आठवडे गेले. चौकशीत मी एचपीएलसीच्या स्तंभावर, फार्माकोपियावर, उन्हाळ्यावरही संशय घेतला.

माहिती-सिद्धांताचा पाया घालणारा क्लॉड शॅननचा १९४८ चा निबंध कॉलेजात कानावर आला होता; टेलिफोनवाल्यांचं प्रकरण म्हणून सोडून दिला होता. त्यातून वाढलेल्या शास्त्राचं एक साधं म्हणणं आहे: हाती आलेल्या आकड्यांवर कितीही संस्कार करा, त्यातली माहिती वाढत नाही. पुढे जपानच्या युझुरु हायाशी आणि रिएको मात्सुदा यांचा फ्युमी हा सिद्धांत वाचनात आला. ते नॉइजचे दोन भाग करतात. एक सुटा, क्षणाक्षणाला उडणारा. दुसरा आधीच्या क्षणाचं बोट धरून चालणारा. पीकचं क्षेत्रफळ म्हणजे बेरीज. तीत सुटा नॉइज बराचसा आपसांत खोडला जातो, बोट धरणारा साठत जातो. मी घासून पुसला होता तो पहिला, जो बेरजेत तसाही फारसा उरला नसता.

या रीतीने एकाच क्रोमॅटोग्रामवरून आरएसडीचा, म्हणजे पुन्हापुन्हा मोजल्यास आकडे किती टक्के हलतील याचा, अंदाज बांधता येतो. २०१२ साली आयएसओ ११८४३ च्या सातव्या भागात ती मानक म्हणून आलीही. मी जुन्या सीडीवरची कच्ची फाइल काढून गणित केलं. सतरा टक्के. म्हणजे उत्तर पहिल्या दिवसापासून माझ्याच फाइलमध्ये होतं.

त्या मुलीला फोन केला. ती आता स्वतः एक लॅब सांभाळते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, मग एसी दुरुस्त केला का?"