पानांची ओढ

कलम मलूल दिसलं की हात आधी झारीकडे जातो. माझ्या मते तो कात्रीकडे जायला हवा. वाढत्या झाडात पाणी चढतं ते मुख्यतः पानांच्या ओढीनं. पानातून वाफ उडाली की मागचं पाणी पुढं सरकतं, आणि पाण्याचे कण एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की ही ओढ लाकडातल्या बारीक नळ्यांतून मुळापर्यंत पोचते. डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये हे मांडलं. डाळिंबाच्या गुटीत ही वाट उघडी दिसते. फांदीवरची पेरभर साल गोल काढली, तरी पुढची पानं टवटवीत राहतात, कारण पाणी लाकडातून जातं. पानांत तयार झालेली साखर मात्र सालीतून खाली येते. ती कापाच्या वरच्या काठाशी अडते, तो काठ फुगतो आणि मुळ्याही तिथूनच फुटतात. म्हणून कापाभोवती गुंडाळलेलं ओलं मॉस वरच्या काठाला नीट भिडलंय ना, हे मी आधी बघतो.

आंब्याच्या कोय कलमात दोन्ही वाटा तुटलेल्या असतात. कलमाच्या काडीची पाचर खुंटाच्या चिरेत बसवताना जुळवायचा असतो तो साल आणि लाकूड यांच्यामधला बुळबुळीत थर. नव्या नळ्या तोच घडवतो. तोवर काडीनं पाणी मागूच नये, म्हणून आठ-दहा दिवस आधी झाडावरच तिची पानं देठ ठेवून छाटतात, आणि बांधल्यावर प्लास्टिकची टोपी घालतात. खुंटाला ओल हवीच, पण खत घालून सांधा लवकर धरत नाही. क्षार पाण्याबरोबरच चढतात आणि पाण्याची वाटच अजून जुळलेली नसते.

यावर कुणी म्हणेल, छाटलेल्या द्राक्षवेलीच्या कापातून पाणी ठिबकतं, तिथं पानं कुठं असतात? खरं आहे, तो मुळांचाच रेटा. स्टीफन हेल्स यांनी वेलीच्या कापाला काचेची नळी जोडून तो मोजला आणि १७२७ च्या ग्रंथात नोंदवला. पण हा रेटा जाणवतो तो वेल उघडी असताना किंवा रात्रीच्या दमट हवेत. भर दुपारी, पाण्याची गरज सर्वांत जास्त असते तेव्हा, गुलाबाची पानांनी भरलेली फांदी कापली तर थेंब येत नाही, उलट नळ्यांत हवा शिरते. फुलदाणीसाठी देठ पाण्याखाली धरून पुन्हा कापतात ते त्यामुळेच. कोकणात कोय कलमं ऐन पावसाळ्यात बांधतात, तेव्हाही जमिनीच्या ओलीइतकंच काम हवेतल्या ओलाव्याचं असतं: पानं नसलेल्या काडीच्या सालीतूनही पाणी उडत असतं, आणि त्या दिवसांत ते सर्वांत कमी उडतं.