एकाच घरांत तीन ऋतु

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत ऋतुचर्येचा एक अध्याय आहे. हेमंतांत उबदार गर्भगृहांत राहावें, ग्रीष्मांत दिवसा शीतगृहांत आणि रात्रीं चांदण्यानें निवालेल्या गच्चीवर निजावें, असा त्याचा आशय. आपल्या जुन्या वाड्यांत थोडेंबहुत हेंच चालत असे. वैशाखांतल्या दुपारीं सारें घर माजघराच्या काळोख्या गारव्यांत आडवें होई आणि पौषांत कोंवळ्या उन्हासाठीं ओसरीवर येई. घर जागच्या जागीं राही, माणसें हलत. अमेरिकेंतील घरांची रीत उलट आहे. तेथें माणसानें आपल्या खोलींत बसावें आणि ऋतूनें त्याच्याकडे चालत यावें. ही सोय मोठी खरी. पण तिच्यापायीं एखाद्या कुटुंबांत केवढी अवघड गोष्ट उभी राहते आणि ती कशी सुटते, हें न्यू जर्सींत मुलीच्या घरीं राहत असतां मीं जवळून पाहिलें.

तें घर तिकडील पुष्कळ घरांसारखेंच लाकडी, दुमजली, खालीं तळघर असलेलें. तळघरांत भट्टी व तिच्या जोडीला हवा गार करण्याचें यंत्र. तेथून पत्र्याचे नळ भिंतींच्या पोटांतून खोल्याखोल्यांत गेलेले आणि त्यांच्या तोंडांशीं जाळ्या. थर्मोस्टॅट मात्र साऱ्या घराला एकच, आणि तो खालच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर. त्याला काय तें दिवाणखान्याचेंच समजतें. दिवाणखाना गार झाला कीं यंत्र थांबलें! वर छप्पर दिवसभर तापलेलें, आणि गरम हवा हलकी म्हणून तीहि जिन्यानें वर चढलेली. जुलै महिन्यांत मुलांच्या खोलींत ८० अंश फॅरनहाइट, दिवाणखान्यांत ७२ आणि तळघरांत ६६ असा प्रकार मीं स्वतः मोजून पाहिला.

जांवई रात्रीं थर्मोस्टॅट ६८ वर आणीत, तेव्हां कोठें नातवंडांस झोंप लागे. पण खालच्या मजल्यावर उत्तरेकडील खोलींत आमच्या विहीणबाई निजत. वय ७४, गुडघे अधू, जिना चढणें अशक्य. भर जुलैंत त्या शाल पांघरून, पायांत लोकरी मोजे घालून बसत. म्हाताऱ्या शरीरास आपली ऊब राखणें तरुणाइतकें साधत नाहीं. हा कांहीं लाडाचा प्रश्न नव्हे. तक्रारीचा शब्द त्यांनीं कधीं काढला नाहीं. एके दिवशीं मला एवढेंच म्हणाल्या, "मास्तर, माझें परतीचें तिकीट पाहायला सांगा. पुण्यास मला एक गोधडी पुरते. इथें माझ्यापायीं लेंकरांची झोंप मोडायला नको." मुलीच्या कानीं हें गेलें तेव्हां ती स्वयंपाकघरांत जाऊन रडली.

प्रथम जांवयांनीं खालच्या जाळ्या मिटून पाहिल्या. हा उपाय अनेक घरीं करतात, पण तो यंत्रास मानवत नाहीं. पंखा तेवढ्याच जोरानें ढकलीत असतो; हवेची वाट अर्धी बंद झाली कीं नळांत दाब वाढतो, जाळ्या शिट्ट्या घालूं लागतात, सांध्यांतून हवा गळते, आणि यंत्रांतील थंड वेटोळ्यांवरून पुरेशी हवा न वाहिल्यामुळें त्यांवर बर्फ धरूं शकतें. हिवाळ्यांत हाच प्रयोग केला तर भट्टी अति तापून आपोआप बंद पडण्याचा संभव.

मग एक जाणता कारागीर आला. यंत्राला हात लावण्यापूर्वीं तो पोटमाळ्यावर चढला, नळांचे सुटलेले सांधे त्यानें बुजविले व छपराखालचा उष्णतारोधक थर वाढविला. गळक्या घागरीस दोन तोट्या बसवून काय उपयोग? त्यानंतर वर जाणाऱ्या व खालीं राहणाऱ्या नळांच्या शाखांत त्यानें मोटरीनें उघडमीट करणारी एकेक झडप घातली, प्रत्येक मजल्यास स्वतंत्र थर्मोस्टॅट दिला, आणि दोहोंचें म्हणणें ऐकून झडपांस हुकूम सोडणारी पेटी तळघरांत लावली. याला तिकडे झोनिंग म्हणतात. "एक झडप मिटल्यावर दाबाचें काय?" असें मीं विचारलें, जन्मभर मुलांना प्रश्न विचारल्याची ही खोड! तो म्हणाला, प्रश्न बरोबर आहे. जुनें यंत्र तसेंहि आयुष्य संपत आलेलें होतें. त्याच्या जागीं मागणीप्रमाणें आपला जोर व पंख्याचा वेग कमी-जास्त करणारें यंत्र बसविलें. खर्च थोडा नव्हे. कांहीं घरीं जादा हवा मागें वळविणारी आडवाट ठेवून भागवितात, पण गार केलेलीच हवा पुन्हां यंत्रांत कोंबण्याची ती रीत मला पटली नाहीं.

ही कल्पना नवी नाहीं, आणि तिच्या मुळाशीं एक शिक्षक आहे हें वाचून मला मौज वाटली. विस्कॉन्सिन राज्यांत व्हाइटवॉटर येथील अध्यापक-विद्यालयांत वॉरन जॉन्सन नांवाचे प्राध्यापक होते. तेथें वर्ग गार कीं उबदार हें पाहण्यास शिपाई वर्गावर्गांत शिरे आणि मग तळघरांत जाऊन झडपा सारी. पाठ रंगांत आला असतां कोणी दार उघडून डोकावलें म्हणजे काय होतें तें शिकविणारासच ठाऊक! जॉन्सन यांनीं वर्गांतील उष्णमान विजेच्या योगानें खालीं कळविणारें साधन तयार केलें व १८८३ सालीं त्याचें पेटंट घेतलें. पुढें १८९५ सालीं, दाबलेल्या हवेच्या साह्यानें खोलीखोलीचें उष्णमान वेगळें राखण्याच्या पद्धतीचेंहि पेटंट त्यांनीं मिळविलें.

इकडे यंत्र बसलें, तरी खालच्या थर्मोस्टॅटवर हात कोणाचा हें ठरावयाचेंच होतें. मुलगी म्हणाली, "आई, हा तुमचा. दुसरें कोणी याला शिवणार नाहीं." विहीणबाईंनीं दोन दिवस त्याकडे पाहिलें देखील नाहीं, आपल्यासाठीं विजेचें बिल वाढेल ही धास्ती. मीं त्यांस समजाविलें कीं रात्रीं खालचा मजला गार न केल्यानें खर्च वाढत नाहीं, उलट तेवढी वीज वांचते. मग नातवानें चष्मा आणून दिला आणि त्यांनीं स्वतःच्या बोटानें आंकडा ७७ वर नेला. जिना उघडा असल्यामुळें वरची गार हवा थोडी खालीं ओघळतेच, तेव्हां दोन मजल्यांत फार अंतर राखतां येत नाहीं. पण शाल घडी होऊन कपाटांत गेली. तिकीट त्यांनीं दिवाळीनंतरचें काढावयास सांगितलें. मी गणपतीपूर्वींच परतलों.