कुंचीचे अंगडे

बाळाची वस्त्रे बाळाच्या आधी घरात आणू नयेत, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. पहिले काही दिवस त्यास जुनेराच्या मऊ दुपट्यात गुंडाळतात. नवे कपडे अंगास लागावयाचे ते बारशाच्या दिवशी, बाळंतविड्यातून. त्यात अंगडी, टोपडी, दुपटी, लाळेरी असतात; पण या सर्वांची राणी म्हणजे कुंची. टोपडे केवळ माथा झाकते. कुंची माथ्यावरून मानेवर व तेथून पाठीवर उतरते आणि हनुवटीखाली बंदाने बांधली जाते. ही कुंची अंगड्यास जोडून दिली की झाले ते टोपीचे कार्डिगन! ते विणण्याचा योग आम्हांस कसा आला, ते येथे सांगावयाचे आहे.

गतवर्षी पौष महिन्यात आमच्या ताईस परळच्या एका प्रसूतिगृहात कन्या झाली. बाळ पाच आठवडे आधीच जगात आले. वजन अवघे १९०० ग्रॅम. जन्मतः २५०० ग्रॅमहून हलके असलेले मूल वैद्यकशास्त्र कमी वजनाचे मानते, आणि अशा मुलास मोठे भय थंडीचे असते. अंगावर चरबीचा थर नसतो. शिवाय शरीराच्या मानाने डोके मोठे असल्यामुळे उघड्या डोक्यावाटे ऊब झपाट्याने निघून जाते. परिचारिकांनी बाळास ताईच्या उराशी, त्वचेस त्वचा लावून, तासन् तास ठेविले. डोक्यावर मात्र टोपी. १९७८ च्या सुमारास कोलंबिया देशातील बोगोटा शहरी सुरू झालेली ही 'कांगारू' पद्धत आज जगभर रूढ आहे. दोन आठवडे घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. पुढे वजनाचा काटा हळूहळू वर सरकू लागला, तेव्हा कोठे लालबागच्या आमच्या खोलीत बारशाची गोष्ट निघाली. आजी म्हणाली, "कुंची विकत आणायची नाही. घरात हात आहेत."

आमच्या हातांस ठाऊक होती ती क्रोशाची सुई. फ्रेंच भाषेत क्रोशे म्हणजे लहानसा आकडा. एक आकडा आणि एक धागा, एवढेच काय ते भांडवल. आयर्लंडमध्ये १८४५ पासून पडलेल्या भीषण दुष्काळात याच आकड्यावर विणलेल्या जाळीने कित्येक कुटुंबे तगली. आपल्या देशात आंध्रातील नरसापूरच्या स्त्रियांस मिशनऱ्यांनी ही कला शिकविली व तेथे तिचा मोठा व्यवसाय झाला. आमचे आजोबा गिरणीच्या साचेखात्यात होते. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची पहिली कंपनी काढली. पुढे लालबाग-परळ गिरण्यांनी भरून गेले. आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर एकेक भोंगा कायमचा मुका झाला. आजोबा म्हणत, "साचा हजारो धागे एकदम चालवितो, पण क्रोशाचा एक धागा त्याला चालविता येत नाही." हे अक्षरशः खरे आहे. खरे क्रोशाचे विणकाम आजही हातानेच होते. यंत्र करते ते त्याचे अनुकरण.

पुस्तकांतील नमुने बहुधा थंड देशांतले आणि जाड लोकरीचे. मुंबईत पौषाच्या पहाटे गारवा असला तरी दुपारी पारा ३० अंशांकडे धावतो. लोकरीत बाळास घामोळे यावयाचे. आणि अति ऊबही तान्ह्यास घातकच. म्हणून दादरच्या बाजारातून मऊ सुती धागा आणिला. मग माप घेतले. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ३५ सेंटिमीटर असतो, छातीहून किंचित अधिकच! म्हणूनच तान्ह्याचे अंगडे डोक्यावरून घालीत नाहीत. ते पुढून उघडे ठेवितात.

गळ्यापाशी साखळी घालून आरंभ केला. चार ठिकाणी खांब वाढवीत खांदे उतरविले. बाह्यांचे टाके बाजूस ठेवून अंग पुरे केले. मग गळ्यावरून टाके पुन्हा उचलून कुंची वर विणली व माथ्यावर दुमडून जोडली. मोठ्या जाळीत बाळाची बोटे अडकतात, म्हणून वीण घट्ट, मुक्या खांबांची ठेविली. वाद झाला तो बंदावरून. परिचारिकेने बजावले होते की गळ्याशी दोरी नको, आणि निजविताना कुंची काढून ठेवावी. आजीस ते रुचले नाही. "बंदाच्या कुंचीत माझी चार मुले वाढली," ती म्हणाली. पण त्या रात्री बाळाचा तळव्याएवढा चेहरा तिने बराच वेळ न्याहाळला, आणि सकाळी आपल्या बटव्यातून दोन चपट्या गुंड्या काढून दिल्या. त्या छातीवर दुहेरी धाग्याने पक्क्या बसविल्या.

सव्वा महिन्याने बारसे झाले, तेव्हा वजन २७०० ग्रॅम भरले होते. बाह्या दोन वेळा दुमडाव्या लागल्या. आणि चैत्र लागला तो त्याच बाह्या आखूड पडल्या. पंधरा रात्रींचे काम दोन महिन्यांत संपले, याचे शेजाऱ्यांस वाईट वाटले. आम्हांस नाही. जे वस्त्र लवकर लहान व्हावे म्हणूनच विणावयाचे, असे बाळाच्या वस्त्रावाचून दुसरे कोणते आहे? धुऊन, उन्हात वाळवून ते आम्ही चाळीतल्या दुसऱ्या एका बाळंतिणीस दिले.

वाचकहो, हौस पुष्कळांस असते. परंतु ज्याच्यासाठी विणावयाचे त्याचा देह केवढा, त्याच्या गावची हवा कशी, त्यास सुख कशात व भय कशाचे, हे विचारून जी हौस सुई हाती धरते, तिलाच माया म्हणावे. मायेसही माप घ्यावे लागते.